माइक लोबोचे घर : ‘अर्धसत्य’, निलंबन आणि निर्वाहाचा प्रश्न

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ हा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. भाषेने तो हिंदी असला तरी त्याची घडण बव्हंशी मराठी आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे आणि चित्रपटाला शीर्षक देणारी कविता दिलीप चित्रे यांची. नायक अनंत वेलणकर हा पोलीस उपनिरीक्षक, त्याचा बाप निवृत्त पोलीस शिपाई आणि त्याची मैत्रीण ज्योत्स्ना गोखले ही महाविद्यालयात शिकवणारी तरुणी. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी घराघरांत पोहोचला आणि पुढील चाळीस वर्षांत या चित्रपटावर पुष्कळ लिहिले गेले. हे लेखन प्रामुख्याने तीन अंगांनी झाले : पौरुषाची कल्पना, पोलिसी हिंसा आणि राजकारण व गुन्हेगारी यांचे संगनमत. या तिन्ही अंगांचे महत्त्व मान्य करूनही एक बाजू दुर्लक्षित राहिली असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘अर्धसत्य’ हा निलंबनाविषयीचा चित्रपट आहे. आरोप झाल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या काळात शासकीय नोकर कोणाच्या आधाराने जगतो, हा प्रश्न त्याच्या कथानकाच्या मुळाशी आहे.

ही बाजू लक्षात येण्याचे श्रेय प्रस्तुत लेखकाचे नाही. वसई-विरार पट्ट्यातील महाविद्यालयांत पोलीस कुटुंबांतील मुलेमुली मोठ्या संख्येने असतात. मुंबईतील पोलीस ठाण्यांत नोकरी आणि विरार-नालासोपाऱ्याला घर ही येथील शेकडो कुटुंबांची रीत आहे. चित्रपट आणि साहित्य यांचा संबंध शिकवताना ‘अर्धसत्य’ दाखविला गेला. चर्चेत अपेक्षेप्रमाणे शेवटचा प्रसंग, चित्र्यांची कविता, बापाचा दरारा हे सारे आले. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने मात्र वेगळेच विचारले, ‘‘सर, त्या लोबोच्या घरी कोण होतं?’’ तिचे वडील पोलिसात आहेत, एवढेच वर्गाला ठाऊक होते. प्रश्नाचे उत्तर वर्गात देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

माइक लोबो हे पात्र नसीरुद्दीन शाह यांनी साकारले आहे. तो वेलणकरच्याच खात्यातील निलंबित अधिकारी. दारूच्या आहारी गेलेला, मळक्या कपड्यांतला, रस्त्यावर पैसे मागणारा. पडद्यावर तो अगदी थोडा वेळ दिसतो. समीक्षकांनी त्याला वेलणकरचे भवितव्य किंवा त्याची सावली म्हटले आहे आणि ते रचनेच्या दृष्टीने बरोबरच आहे. परंतु पात्राला प्रतीक ठरविले की त्याच्याविषयी साधे प्रश्न विचारणे आपण थांबवतो. लोबोचे घर आपल्याला दिसत नाही. त्याची बायको आहे की नाही, मुले कोणत्या शाळेत जात होती, पोलीस लाईनीतली खोली राहिली की गेली, त्याची चौकशी कोणत्या टप्प्यावर होती, याचा चित्रपटात पत्ता नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निलंबित असेल तर तो बडतर्फ नाही. कायद्याच्या दृष्टीने तो अजून शासनाचा नोकर आहे. शासनाचा नोकर शासनाच्याच शहरात भीक मागतो, ही विसंगती चित्रपटात ना वेलणकरला खटकते ना हैदर अलीला. आणि बहुधा प्रेक्षकालाही नाही.

येथे निलंबन या संज्ञेचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. संस्कृतातील ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे, टांगून राहणे. निलंबित माणूस हा शब्दशः टांगलेला माणूस. सेवाविषयक कायद्याची सर्वसाधारण भूमिका अशी की चौकशीपूर्व निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशीत अडथळा येऊ नये, पुरावे व साक्षीदार यांवर दबाव येऊ नये, एवढ्यासाठी योजलेली ती तात्पुरती व्यवस्था होय. लोकव्यवहार मात्र असे मानीत नाही. ‘घरी बसवला’ हा आपल्याकडचा शब्दप्रयोगच निकाल देऊन टाकतो. पोलिसाच्या बाबतीत तर त्याचे नाव, ठाणे आणि छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते. लाईनीत शेजारी राहणारे सारे त्याच खात्यातले असतात. त्यामुळे ज्या बातमीपासून दूर जावे ती बातमी त्याच्या दाराशीच नांदते.

या टांगलेल्या अवस्थेतील पोटाची सोय म्हणून नियमांनी ‘निर्वाह भत्ता’ ठरविला आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा आणि निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे यांच्या काळातील प्रदाने) नियम, १९८१ मधील नियम ६८ प्रमाणे निलंबित कर्मचाऱ्यास अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतकी रक्कम व त्यावरील महागाई भत्ता मिळतो. निलंबन लांबले आणि विलंबाचा दोष त्याचा नसेल, तर ही रक्कम निम्म्याने वाढविता येते. दोष त्याचा असेल तर निम्म्याने कमीही करता येते. अन्यत्र नोकरी, धंदा वा व्यवसाय करीत नसल्याचे प्रमाणपत्र त्याने द्यावयाचे असते. मुख्यालय ठरवून दिलेले असते व परवानगीवाचून ते सोडता येत नाही. म्हणजे शासन त्याला काम देत नाही, दुसरे काम करू देत नाही, गावी जाऊन शेती पाहतो म्हटले तरी विचारावे लागते. आणि या तीन बंधनांचा मोबदला म्हणून निम्मा पगार देते. भत्ता ही मेहेरबानी नसून बंधनांची किंमत आहे, असे यावरून म्हणता येईल.

ही किंमत किती खाली जाऊ शकते याचे उदाहरण ‘अर्धसत्य’च्याच वर्षाने दिले आहे. मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ मधील नियम १५१ ला एक परंतुक होते. कर्मचाऱ्यास फौजदारी न्यायालयाने दोषी ठरविले आणि त्याचे अपील प्रलंबित असले, तर त्याचा निर्वाह भत्ता नाममात्र, म्हणजे दरमहा एक रुपया करावा, असे ते परंतुक सांगत होते. महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान ताले या प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून रद्द केले आणि नेहमीच्या दराने भत्ता देय असल्याचे सांगितले. दरमहा एक रुपयात माणसाचा निर्वाह होत नाही हे समजण्यास कायद्याच्या पदवीची गरज नव्हती. तरीही ते वाक्य राज्याच्या नियमपुस्तकात होते. कोणी ते लिहिले असेल, कोणी टंकलिखित केले असेल, कोणत्या कारकुनाने त्याप्रमाणे एक रुपयाचे देयक काढले असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तेंडुलकरांच्या लेखणीला शोभणारा हा प्रसंग शासनाने आधीच लिहून ठेवला होता.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १९९९ मध्ये, कॅप्टन एम. पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयास हाच विषय पुन्हा हाताळावा लागला. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील हा सुरक्षा अधिकारी निलंबित झाला, त्यास निर्वाह भत्ता मिळाला नाही आणि तो केरळात असताना कोलारला चौकशी एकतर्फी पूर्ण करून त्याला काढून टाकण्यात आले. पुढे फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला. भत्ता न दिल्यामुळे कर्मचारी चौकशीस हजर राहू शकला नसेल तर ती चौकशीच दूषित होते, असे न्यायालयाने म्हटले. या निकालाचे महत्त्व दयेत नाही. भुकेलेल्या माणसाची चौकशी ही न्याय्य चौकशी नव्हे, असा संबंध न्यायालयाने जोडला. म्हणजे निलंबिताचे पोट हा कल्याणाचा विषय असण्याआधी सत्यशोधनाचा विषय आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच सूत्रावर आधारलेले आहे.

आता चित्रपटाकडे वळू. वेलणकरवर निलंबनाचे संकट दोनदा येते. पहिल्या वेळी त्याने काही चुकीचे केलेले नाही, निदान त्याच्या समजुतीप्रमाणे. झोपडपट्टीतील एका बाईला त्रास देणाऱ्या गुंडांना त्याने पकडले व बडवले. ते गुंड आमदाराचे निघाले आणि आमदाराने निलंबनाची मागणी केली. येथे हैदर अली हा वडीलधारा सहकारी त्याला जो सल्ला देतो तो संपूर्ण चित्रपटाची किल्ली आहे. चौकशीला सामोरा जाऊ नकोस, ती हवी तशी फिरविता येते. त्याऐवजी देसाईला भेट. देसाई हा मध्यस्थ, वरपर्यंत ओळखी असलेला. काम होते. वेलणकर वाचतो. दुसऱ्या वेळी परिस्थिती पालटलेली आहे. श्रेय हिरावले गेले आहे, दारू वाढली आहे आणि रेडिओच्या चोरीच्या संशयावरून आणलेला एक किरकोळ चोर वेलणकरच्या मारहाणीने कोठडीत मरण पावला आहे. या वेळी तो खरोखरच अपराधी आहे. देसाईचे हात आता पोहोचत नाहीत. तो रामा शेट्टीचे दार दाखवितो.

हैदर अलीला आपण सहसा व्यवहारी, किंचित भ्रष्ट पण प्रेमळ मित्र म्हणून पाहतो. परंतु प्रस्तुत दृष्टीने पाहिल्यास तो त्या खात्यातील एकमेव कल्याण अधिकारी आहे. निलंबनाच्या छायेतील सहकाऱ्याजवळ बसणे, त्याला काय होऊ शकेल ते समजावणे, कोणाकडे जावे ते सांगणे, हे जे काम खात्याने नेमून द्यावयास हवे ते तो स्वतःच्या खिशातून करतो. त्याच्याजवळ साधन मात्र एकच आहे : ओळख. त्यामुळे मदतीची प्रत्येक पायरी वेलणकरला कायद्यापासून दूर नेते. चित्रपटाची शोकांतिका केवळ नायकाच्या रागात नाही. ज्या रिकाम्या जागेत संस्था असावयास हवी तेथे प्रथम मित्र, मग मध्यस्थ आणि शेवटी गुन्हेगार उभा राहतो, या क्रमात ती आहे. रामा शेट्टी वेलणकरला जे देऊ करतो ते काय आहे? नोकरी, संरक्षण, वकील, प्रतिष्ठा. दुसऱ्या शब्दांत, निलंबित पोलिसासाठी एक परिपूर्ण कल्याण योजना. अट फक्त मालक बदलण्याची.

या वाचनातून चित्रपटाचा एक दोषही स्पष्ट होतो आणि तो नोंदविणे समीक्षेचे कर्तव्य आहे. निहलानी व तेंडुलकर यांनी निलंबनाला कड्याचे रूप दिले. माणूस वर असतो किंवा खाली पडलेला असतो. मधली उतरण नाही. नियम ६८ चित्रपटाच्या जगात अस्तित्वातच नाही. लोबोला निम्मा पगार मिळत होता का, मिळत असल्यास तो कोठे गेला, नसल्यास का नाही, हे विचारले गेले असते तर चित्रपटाला एका कार्यालयात, एका टेबलासमोर जावे लागले असते. तेथे खलनायक नसता; फाईल असती. तेंडुलकरांनी त्या टेबलाकडे पाठ फिरविली, कारण त्यांना सत्तेचे नाट्य हवे होते आणि फाईलीत नाट्य नसते, किंवा फार हळू घडते. पुढे हिंदी चित्रपटांनी तर निलंबनाचा आदेश हा नायकाच्या छातीवरचा बिल्ला करून टाकला. मध्यंतरापूर्वी तो मिळतो आणि शेवटी टाळ्यांच्या गजरात फाडला जातो. ‘अर्धसत्य’ त्या वाटेने गेला नाही, हे मोठेच; परंतु त्या वाटेचा पहिला दगड त्याने बसविला असे म्हणणे अगदीच अन्याय्य होणार नाही.

चित्रपटाच्या पार्श्वभूमीवरील आणखी एक मौन विचारात घ्यावयास हवे. १८ ऑगस्ट १९८२ रोजी, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारे वर्षभर आधी, मुंबईच्या पोलीस शिपायांचे आंदोलन चिघळले, शहरात दंगल उसळली, लष्कर बोलवावे लागले. पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली आणि अनेक शिपायांना नोकरीस मुकावे लागले. पोलीस दले (हक्कांवरील निर्बंध) अधिनियम, १९६६ अन्वये पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर आधीच मर्यादा होती. शिस्तबद्ध सशस्त्र दलाने संप करू नये, यात वाद नाही. परंतु संघटना गेली तेव्हा तिच्याबरोबर चौकशीतील शिपायाच्या बाजूने अधिकृतपणे बोलू शकणारा आवाजही गेला. ब्रिटनमध्ये १९१८ व १९१९ साली पोलिसांचे संप झाले तेव्हा तेथील संसदेनेही संप व संघटना यांवर बंदी घातली. पण त्याच १९१९ च्या कायद्याने ‘पोलीस फेडरेशन’ ही प्रतिनिधी संस्था निर्माण केली. आज इंग्लंड-वेल्समध्ये निलंबित पोलीस अधिकाऱ्यास सर्वसाधारणपणे पूर्ण वेतन मिळते आणि चौकशीत त्याच्यासोबत बसण्यास त्याच प्रकरणाशी संबंध नसलेला एक सहकारी मिळतो, ज्याला नियमांतच ‘पोलीस मित्र’ म्हटले आहे. आपल्याकडे ‘पोलीस मित्र’ म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत शिटी घेऊन उभा राहणारा स्वयंसेवक. शब्द तोच, पण आपल्याकडे पोलिसाला मदत करणारा नागरिक आहे. पोलिसाला मदत करणारा पोलीस मात्र हैदर अलीच राहिला.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. कोठडीत मेलेल्या त्या चोराच्या घरी कोण होते? लोबोच्या घराची चौकशी करणाऱ्याने हाही प्रश्न विचारला पाहिजे. चित्रपटातही त्या चोराचे आयुष्य जवळजवळ कोरे आहे. तो नायकाच्या अधःपातासाठी मरतो. प्रत्यक्षातील उदाहरण अधिक कठोर आहे. परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस यास डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी तो प्रवासात पळून गेल्याचे सांगितले. पुढील चौकशीत कोठडीतील मृत्यूचा आरोप पुढे आला. त्याचा मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. त्याच्या आईवडिलांना न्यायालयाची दारे ठोठावीत राहावे लागले. त्यांना निर्वाह भत्ता देणारा नियम नव्हता. निलंबित पोलिसाच्या कल्याणाविषयी लिहिताना ही तुलना डोळ्यांआड झाली तर ते लेखन खात्याचे प्रसिद्धिपत्रक ठरेल.

परंतु याच प्रकरणाची दुसरी बाजू आमच्या मुद्द्यास बळ देते. या प्रकरणी सचिन वाझे व अन्य तीन पोलीस २००४ साली निलंबित झाले. खटला रेंगाळला. जून २०२० मध्ये, सोळा वर्षांनी, खटला प्रलंबित असतानाच त्यांना सेवेत परत घेण्यात आले. मार्च २०२१ मध्ये वाझे यांना राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच प्रकरणात अटक केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते बडतर्फ झाले. मधल्या काळात त्यांनी राजीनामा दिला होता, तो स्वीकारला गेला नाही आणि २००८ साली त्यांनी शिवसेनेत प्रवेश केला. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालय करील. येथे प्रश्न त्यांच्या दोषाचा वा निर्दोषत्वाचा नाही. सोळा वर्षे माणसाला टांगून ठेवणारी व्यवस्था कोणाचे हित साधते हा आहे. मृताच्या आईला निकाल मिळाला नाही, आरोपीला निकाल मिळाला नाही, आणि खात्याला माहीत नव्हते की आपला माणूस या काळात कोणाच्या छायेत राहतो आहे. निलंबन लांबते तेव्हा ते शिक्षाही राहत नाही आणि चौकशीही. केवळ एक पोकळी उरते.

वसई-विरारच्या वाचकाला या पोकळीचे दुसरे टोकही परिचयाचे आहे. चकमकींसाठी प्रसिद्ध झालेले प्रदीप शर्मा २००८ साली बडतर्फ झाले, प्रशासकीय न्यायाधिकरणाने २००९ साली तो आदेश रद्द केला, २००६ च्या रामनारायण गुप्ता बनावट चकमक प्रकरणात ते तुरुंगात राहिले, २०१३ साली सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले, २०१७ साली सेवेत परतले आणि २०१९ साली राजीनामा देऊन शिवसेनेच्या तिकिटावर नालासोपारा मतदारसंघातून विधानसभेस उभे राहिले. येथील मतदारांनी त्यांना पराभूत केले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच प्रकरणात त्यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१९ चा प्रचार आपण रस्त्यावर पाहिला. बडतर्फी, तुरुंग, सुटका, गणवेश, तिकीट : ही वाटचाल पाहताना प्रस्तुत लेखकास चित्रपटातील देसाईची आठवण झाली. फरक एवढाच की १९८३ साली पक्षाकडे जाण्यास मध्यस्थ लागत असे.

अर्थात या प्रसिद्ध नावांमुळे विषयाचा चेहरा बिघडतो. ज्याला पक्ष तिकीट देतो तो निलंबित नमुनेदार नव्हे. नमुनेदार निलंबित हा पोलीस शिपाई किंवा हवालदार आहे. लाचेच्या सापळ्यात सापडलेला, कोठडीतून आरोपी पळाला म्हणून जबाबदार धरलेला, किंवा जमावासमोर कमी पडलेला. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जमावाने तिघांची हत्या केली. कासा पोलीस ठाण्यातील काही पोलीस प्रथम निलंबित झाले, अनेकांच्या बदल्या झाल्या आणि त्याच वर्षी काहींना बडतर्फ करण्यात आले. तेथे त्या रात्री पोलिसांनी जे केले नाही ते साऱ्या देशाने चित्रफितीत पाहिले आणि त्याबद्दल जाब विचारला जाणे योग्यच होते. तरीही जाब विचारणे आणि विचारलेल्या माणसाला कुटुंबासह एकटे सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली न्यायासाठी आवश्यक आहे. दुसरीने न्यायाला काहीही मिळत नाही.

१ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. त्यापूर्वी वसई तालुका ठाणे ग्रामीण आणि २०१४ नंतर पालघर जिल्हा पोलिसांकडे होता. नव्या आयुक्तालयाला नवी ठाणी, नवी पदे व नवी वाहने लागली. अशा वेळी, जेव्हा सर्व काही नव्याने मांडले जाते, तेव्हा या प्रश्नाचाही विचार होणे सोपे असते. राज्य शासनाने काही पावले उचलली आहेत हे मान्य केले पाहिजे. अजयकुमार चौधरी विरुद्ध भारत संघ या २०१५ च्या निकालात, तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने ते आपल्या कार्यपद्धतीत आणले. त्यामुळे किमान आरोप लेखी स्वरूपात हाती पडण्यास मुदत आली. फौजदारी खटल्यांना मात्र अशी मुदत नाही, आणि पोलिसाचे निलंबन बहुतेकदा खटल्याशीच बांधलेले असते.

तेव्हा करता काय येईल? प्रस्तुत लेखक प्रशासनाचा अभ्यासक नाही, त्यामुळे योजना आखण्याचा त्याचा अधिकार नाही. पण चित्रपट नीट पाहिला तर काही गोष्टी त्यातूनच सुचतात. हैदर अलीचे काम खात्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने करावे, आणि तो चौकशीशी सर्वस्वी असंबद्ध असावा, म्हणजे त्याच्याजवळ बोललेले चौकशीत जाणार नाही. निर्वाह भत्ता मागावा लागू नये. पगाराच्या तारखेला तो जमा व्हावा आणि वाढीचा फेरविचार तिसऱ्या महिन्यानंतर आपोआप समोर यावा, कारण नियमात वाढ ‘करता येते’ असे आहे आणि ‘येते’ या क्रियापदावर घर चालत नाही. वेतनातून पतसंस्थेचा हप्ता परस्पर कापला जाणाऱ्या शिपायाचा निम्मा पगार प्रत्यक्षात निम्माही उरत नाही, ही बाब कोणताही बँक कर्मचारी सांगेल. पोलिसाला हत्यार परत करावे लागते तेव्हा त्याच्या मनाची स्थिती पाहणारा वैद्यकीय अधिकारी असावा. लोबो दारूपर्यंत एका दिवसात पोहोचला नसणार. आणि या प्रत्येक सोयीबरोबर, त्याच प्रकरणातील तक्रारदारास किंवा मृताच्या नातलगांस चौकशी कोठवर आली हे कळविणारा दुसरा माणूसही नेमला जावा. या दोन नेमणुका एकाच आदेशात झाल्या तर खात्यावर पक्षपाताचा आरोप करणे कोणासही जड जाईल.

आपल्या व्यवसायाविषयीही थोडे लिहावयास हवे. चित्रपटात शिक्षकवर्गाची प्रतिनिधी ज्योत्स्ना आहे. स्मिता पाटील यांनी ती ज्या संयमाने उभी केली आहे त्याला तोड नाही. पोलिसी अत्याचाराविरुद्ध तिला मत आहे, ते ती वेलणकरच्या तोंडावर मांडते आणि त्याच्यातील हिंसा जवळून पाहिल्यावर त्याच्यापासून दूर होते. तिची भूमिका नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु तिच्याजवळ जी भाषा आहे ती अत्याचारी आणि पीडित या दोनच पुरुषांची आहे. अपराध केलेला, चौकशीची वाट पाहणारा, भेदरलेला तिसरा माणूस त्या भाषेत बसत नाही. आमच्या चर्चासत्रांतही तो बसत नाही. मानवी हक्कांवरील आमचे निबंध कोठडीच्या दाराशी संपतात आणि पोलीस प्रशासनावरील आमचे निबंध पोलीस सुधारणेच्या शिफारशींशी. मधली खोली रिकामी राहते. त्या खोलीत एखादी विद्यार्थिनी बसलेली असू शकते, हे वर्गात ‘अर्धसत्य’ दाखविताना प्रस्तुत लेखकाच्या ध्यानी आले नव्हते.

चर्चेच्या त्या तासानंतर तिने आणखी काही विचारले नाही. पुढील आठवड्यात तिने जो निबंध दिला त्यात लोबोला बायको होती, दोन मुले होती आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला तो कार्यालयाच्या दाराशी स्वाक्षरी करण्यास उभा राहत होता. चित्रपटात नसलेल्या गोष्टी निबंधात घालू नयेत, असा शेरा लिहिण्यासाठी हातात घेतलेले पेन प्रस्तुत लेखकाने खाली ठेवले.